विहिरीत उरलेलं पाणी

नवतपा सुरू झाला की आम्हा नागपूरकरांच्या अंगात एक वेगळीच मिजास येते. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस कडक तापलेच पाहिजेत, यावर इथे कुणाचं दुमत नाही. लिफ्टमध्ये घामानं निथळणारा माणूससुद्धा "तापू द्या हो, जेवढं तापीन तेवढा पाऊस चांगला," असं म्हणून हसतो. पुण्याकडचा एखादा जावई मे महिन्यात आला आणि दुपारी कूलरसमोर आडवा पडला, की घरातल्या म्हाताऱ्यांना कोण आनंद होतो! खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, वर ग्लासभर पन्हं, एवढ्या भांडवलावर आम्ही उन्हाला भिडतो, आणि बाहेरच्याला ते जमत नाही याचा आम्हाला अभिमान असतो.

मीही त्यातलीच. पोस्टात नोकरी केली, भर दुपारी सायकल मारत घरी आले, कधी तक्रार केली नाही. पण गेली काही वर्षं या दिवसांत माझा अभिमान कुठे जातो कुणास ठाऊक. मला भीती वाटते. दुपारची नाही, दुपार तर आमची ओळखीचीच आहे. भीती वाटते ती पहाटेची. उजाडायच्या आधी उठून गॅलरीत जाते आणि सवयीनं भिंतीला हात लावते. भिंत गरमच असते. चिमण्यांसाठी ठेवलेलं पाणी कोमट असतं. समोरचा कडुनिंब हलत नाही. एवढ्या वेळात काहीतरी निवायला हवं होतं, ते निवलेलं नसतं. मुलीला फोनवर हे सांगितलं की ती हसते. "आई, तू पोस्टात वाया गेलीस, हवामान खात्यात जायला हवं होतंस," म्हणते. मी पण हसते आणि फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा भिंतीला हात लावून येते.

पहाटेची ही खोड मला आमच्या बगीच्यातून लागली. कळमेश्वरच्या पलीकडे आमचं गाव. तिकडे संत्र्याच्या बागेला बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात. आमच्या बगीच्याच्या माथ्याला विहीर, विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन, वरच्या अंगाला मुरमाची जमीन, खालच्या अंगाला नाल्याकाठची काळी. वरची झाडं माझ्या जन्माच्या वर्षी लावलेली, त्यामुळे माय त्यांना माझ्या बहिणी म्हणायची. खालची झाडं लहान होती, नुकती फळायला लागलेली.

संत्र्याच्या झाडाला आपोआप फुलं येतात, अशी शहरातल्या लोकांची समजूत असते. मृगाचा बहार, आमच्या बोलीत बार, धरायचा तर झाडाला आधी तहानेलं ठेवावं लागतं. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद करायचं. याला ताण देणं म्हणतात. आळ्यातली माती भेगाळते, पानांची चमक जाते, पानं आतल्या बाजूला वळतात, थोडी गळूनही पडतात. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण बगीचेवाला हात बांधून उभा राहतो. मग मृग बरसतो आणि तहानेनं घाबरलेलं झाड फुलांनी भरून येतं. "झाडाले थोडं भेव दाखवा लागते," बाबा म्हणायचे, "नाई तं ते नुसतंच पानं काढत बसते."

थोडं म्हणजे किती, सगळी विद्या या प्रश्नात होती. आणि त्या विद्येत बाबांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. बैलगाडी जुंपून लोक त्यांना न्यायला यायचे. "महादेवभाऊ, माह्या बगीच्यात एक चक्कर मार ना गा, ताण पुरला का पाह्य." बाबा जायचे. झाडाखाली उभे राहायचे, पान हातात घ्यायचे, जमिनीत काडी खुपसायचे, आणि बोलायला इतका वेळ घ्यायचे की समोरच्याला घाम फुटायचा. मग म्हणायचे, "धर अजून." किंवा म्हणायचे, "सोड पाणी." त्यावर पुन्हा कुणी काही विचारत नसे. मला त्यांचा फार गर्व वाटायचा.

मी सांगते तो उन्हाळा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. माझी सातवीची परीक्षा झाली होती. सुट्टीत बगीच्यातच मुक्काम असायचा. तुराट्यांच्या भिंतींची झोपडी, कोपऱ्यात माठ, बाहेर बाज, बाजेवर माझा धाकटा भाऊ वसंता पाय हलवत पडलेला. दुपारी सावलीसुद्धा तापायची. वाऱ्याची झुळूक आली तरी चुलीतून आल्यासारखी यायची. इंजिन गप्प असल्यामुळे बगीच्यात एक विचित्र शांतता होती. वाळलेलं पान जमिनीवर पडलं तरी ऐकू यायचं, आणि ती पानं रोज जरा जास्त पडत होती.

मृग लागला. बाबांनी आंघोळ करून विहिरीची पूजा केली. नामदेवकाका, आमच्या धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून ज्यांचा बगीचा होता ते, प्रसादाला आले आणि जाताना आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन-चार रोजात येते पाहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी काळजीचं नावही नव्हतं. उशीर व्हायचाच थोडा. झाला होता पूर्वीही.

आमच्या घरात एक नेम होता. ताणाच्या दिवसांत माय आणि बाबा भल्या पहाटे बगीचा फिरून यायचे. दुपारी सगळीच पानं वळलेली असतात, त्यावरून काही कळत नाही. पण रात्रीच्या गारव्यात झाड थोडं सावरतं आणि पहाटे पानं पुन्हा उघडतात. जोवर पान पहाटे उघडतंय तोवर झाडात दम आहे. मीही त्यांच्यामागे जायची. अनवाणी पायांना ती माती थंड लागायची, तेवढंच सुख. त्या वर्षी एका पहाटे माय वरच्या अंगाच्या एका झाडापाशी थांबली ती पुढे जाईचना.

"आज पान उघडलं नाई," ती म्हणाली.

"रातचा वारा गरम होता. उघडीन उद्या," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आधी त्याच झाडाकडे गेली. पान तसंच.

"अवो, हे वळूनच हाय. आणि बाजूचं बी."

"अवं, ताण जमून राह्यला. पान असं झाल्याशिवाय बार फुटत नाई, तुले का मी आज सांगून राह्यलो?"

बाबा खोटं बोलत नव्हते. पान असंच व्हावं लागतं. खरी गोम तिथेच होती. दुसऱ्या कुठल्याही शेतकऱ्यानं आपलं झाड सुकताना पाहिलं असतं तर तो धावत सुटला असता. आम्ही मात्र झाड सुकवण्यात तरबेज. सुकलेलं पान पाहून आमच्या माणसाला समाधान वाटायचं. चांगली तहान कुठे संपते आणि वाईट तहान कुठे सुरू होते, याची रेघ झाडावर काढलेली नसते, आणि ज्यानं आयुष्यभर ती अचूक ओळखली त्यालाच आपण ती ओलांडली असं कसं वाटावं? मायला ती रेघ दिसली होती असंही मी म्हणणार नाही. तिलाही खात्री नव्हती. तिला फक्त भीती वाटत होती, आणि ती ती बोलून दाखवत होती.

विहीर आमची खोल. आत कडेनं दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या. गावातली विहीर त्या वर्षी लवकर आटली आणि बायका आमच्याकडे पाण्याला यायला लागल्या. सकाळ-संध्याकाळ रांग. डोक्यावर पितळी गुंड, कडेवर लेकरू. "वैनी, एक गुंड नेऊ का वं?" "ने ना बाई, इचारतं काय," माय म्हणायची. नाही कसं म्हणणार? पाणी उतरत होतं. पाण्याखालची नवी पायरी उघडी पडली की वसंता टाळ्या पिटायचा, कारण तेवढं खोल आम्ही पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. एका पायरीवर तर कुणीतरी कधीकाळी कोरलेला नाग निघाला. आम्ही दोघं त्याला पाहायला खाली उतरून गेलो आणि मायनं आम्हाला बदडलं. एरवी ती हात उगारत नसे. तिला काय दिसत होतं ते मला आता कळतं.

आता जरा हिशेब समजून घ्या, कारण सगळी घालमेल त्या हिशेबाची होती. विहिरीत तेव्हा साऱ्या बगीच्याला एकदा पोटभर पाजण्याइतकं पाणी होतं. पण एकदाच. ते सोडलं की ताण तुटणार, झाडं फुलणार, आणि मागून पाऊस नाही आला तर त्या रखरखाटात फुलं गळून जाणार. म्हणजे त्या वर्षीचा बहार गेला. झाडं मात्र जगणार. आणि थांबलं तर? पाऊस आला तर बहारही आपला, झाडंही आपली. नाही आला तर दोन्ही जाणार. आणि थांबण्याच्या प्रत्येक दिवशी विहीर उतरतच होती.

"इंजिन लावा," माय म्हणाली. आम्ही जेवायला बसलो होतो. "बार गेला तं जाऊ द्या. झाडं तं राह्यतीन."

"आणि उद्या पाणी आलं तं? हातचा बार घालवला म्हणून सारं गाव हासन."

"हासू द्या ना. हासल्यानं का भोकं पडते अंगाले?"

"तुले समजत नाई. एक दिवस थांब."

बाबांनी ताट बाजूला सारलं. भाकरी तशीच होती. हा "एक दिवस" त्या घरात मी इतक्यांदा ऐकला, की वसंता खेळताना बाहुल्यांनासुद्धा तेच सांगायचा.

ढग यायचे नाहीत असं नव्हतं. आले नसते तर बरं झालं असतं. रोज दुपार कलली की पश्चिमेला काळं व्हायचं, गार वारा सुटायचा, धूळ उडायची, बायका वाळवण उचलायला धावायच्या. बाबा धुऱ्यावर जाऊन उभे राहायचे. पलीकडे नामदेवकाका उभे. नामदेवकाका बाबांकडे पाहायचे, कारण महादेवभाऊ इंजिन लावत नाही तोवर आपण कशाला लावा. गावातले बाकीचे नामदेवकाकांकडे पाहायचे. आणि बाबा आभाळाकडे. मग ढग कामठीच्या बाजूला निघून जायचे, दूर कुठेतरी गडगडायचं, आणि आमच्याकडे पुन्हा ऊन पडायचं. त्या ढगांनी आम्हाला फार लुटलं. रोज संध्याकाळी आशा लावायचे आणि रोज एक पायरी घेऊन जायचे.

मला आठवतं, मी त्या दिवसांत देवाला नवस बोलले होते, आणि तोही पाऊस पडू दे असा नव्हता. बाबांना इंजिन लावू दे, असा होता. लहान मुलीला आपला बाप चुकतोय असं वाटणं फार वाईट.  मी जाणून-बुजून इंजिनापाशी खेळायची, त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसायची, आपल्याला कुणी काही विचारील म्हणून. कुणी विचारलं नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली. एका पहाटे बाबांनी वरच्या अंगाच्या झाडाचं पान तोडलं आणि मुठीत दाबलं. पापड मोडावा तसा आवाज झाला. त्यांनी मूठ उघडली आणि चुरा खाली पडू दिला. मग न वळता विचारलं,

"अवं, इंजिनात तेल हाय का?"

माय धावली. मीही धावले. मला इतका आनंद झाला की मी वसंताला उचलून गरगर फिरवलं. मग आम्ही सगळे विहिरीच्या काठावर गेलो आणि खाली वाकून पाहिलं. साऱ्या बगीच्याला पुरेल एवढं पाणी आता तिथे नव्हतं. गावाच्या पिण्यापुरतं राखायचं तर अर्ध्यालाही जेमतेम.

बाबा आणि माय बगीच्यातून फिरले. मी मागे. कुठल्या झाडांना पाणी द्यायचं आणि कुठल्यांना नाही, हे ठरवत ते दोघं चालले होते. बाबा झाडाच्या खोडावर हात ठेवायचे आणि नुसती मान हलवायचे. शेवटी खालच्या अंगाला पाट वळवायचा ठरला. ती झाडं लहान, काळ्या मातीतली, तगण्याची आशा जास्त. वरच्या अंगाला काही नाही. "मोठी हायत ती, धरतीन दम," माय म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत झोपडीकडे गेली. तिच्या बोलण्यावर तिचाच विश्वास नव्हता. इंजिन सुरू झालं. पाटातून पाणी खाली धावलं, आणि ते वरच्या झाडांच्या अगदी मुळाजवळून गेलं, कारण पाटाची वाटच तिथून होती. पाणी पाझरून वाया जाऊ नये म्हणून बाबा पाटाच्या कडा फावड्यानं थोपटत होते. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

वसंता आता साठीचा आहे. बगीचा तोच पाहतो. नळ्यांतून थेंबथेंब पाणी देतो, मोबाइलवर हवामान पाहतो. परवा त्याचा फोन आला. "ताई, पान पाहून काही समजत नाई वं आता," म्हणाला. "मार्चात गारा पडल्या, थंडीनंतरचा आंबिया बार झडला. थंडी पडाची तवा पडली नाई. आता मिरग कवा येईन त्याचा भरवसा नाई. बाबानं शिकवलं ते सारं मले पाठ हाय. पण ते ज्या आभायासाठी होतं, ते आभायच राह्यलं नाई." नेहमी थट्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी एकदाही हसला नाही.

मी काही शास्त्र शिकलेली बाई नाही. पण जे सगळ्यांना माहीत झालंय ते मलाही माहीत आहे. आपण जाळतो त्या कोळशानं, तेलानं पृथ्वी तापते आहे, आणि ते आभाळ आपल्याच धुरानं बदललं आहे. आमच्या गच्चीवरून शहराच्या कडेच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्या जिवावर माझा कूलर फिरतो, आणि मागच्या उन्हाळ्यात हार खाऊन घेतलेला एसीसुद्धा. तो एसी बाहेर जी गरम हवा फेकतो ती समोरच्या कडुनिंबावर जाते. मी खिडकीतून त्या झाडाकडे पाहते आणि मला ओशाळल्यासारखं होतं, तरी बटण बंद करत नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी विषय काढला होता. गच्चीवर सौर पॅनेल बसवू, आवारातले कडुनिंब पार्किंगसाठी तोडायचे नाहीत असं ठरवू. कुणी विरोध केला नाही. विरोध केला असता तर भांडता आलं असतं. सगळे म्हणाले, कल्पना फार छान आहे, पुढच्या वर्षी पाहू. मग उन्हावर गप्पा निघाल्या. एक गृहस्थ म्हणाले, "आपण नागपूरचे आहो मॅडम, आपल्याले का होते?" सगळे हसले आणि चहा आला. मला बाबांचं वळलेलं पान दिसत होतं. ज्यांना सुकण्याची सवय आहे, त्यांनाच सुकणं कळत नाही. आणि माझ्या एका सोसायटीनं पृथ्वी निवणार नाही, हे मलाही कळतं. पण मोठमोठ्या देशांच्या बैठकांतही, मला वाटतं, हेच वाक्य जरा बऱ्या इंग्रजीत बोलत असावेत. पुढच्या वर्षी पाहू. अमका लावत नाही तोवर मी कशाला लावू.

मला राग येतो तो थांबण्याचा नाही, थांबणं फुकट असतं या समजुतीचा येतो. आम्ही थांबलो तेव्हा विहीर थांबली नव्हती. पहिल्या दिवशी सगळी झाडं वाचवता आली असती. शेवटच्या दिवशी कोणती वाचवायची एवढंच हातात उरलं. आज जगभर तोच पाट वळवायची वेळ येते आहे असं मला वाटतं, आणि वरच्या अंगाला कोण आहे हे मला ठाऊक आहे. रस्त्यावर डांबर ओतणारी माणसं आहेत, पत्र्याच्या खोलीत बाळंत झालेल्या बाया आहेत, वसंता आहे. माझ्यासारखीला गार खोली मिळेल. त्या गार खोलीत मला झोप येत नाही.

तर त्या वर्षी पाऊस शेवटी आला, उशिरा, एका दुपारी, आणि मग चांगला आठवडाभर पडत राहिला. गावानं गुलाल उधळला. खालच्या अंगाच्या झाडांना आधीच पालवी फुटली होती, त्यांची फुलं थोडी गळाली, थोडी राहिली. पण वरच्या अंगाला काही दिवसांनी जे झालं ते पाहायला गाव लोटलं. ज्या झाडांना आम्ही पाणी दिलं नव्हतं ती पांढरीशुभ्र फुलली. इतकी फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फांदी दिसेना. वास तर असा, की गावाच्या वेशीपासून माणसं नाक वर करून चालायची. मी वेडी झाले होते आनंदानं. माझ्या बहिणी वाचल्या होत्या.

नामदेवकाका धुऱ्यावरून ओरडले, "महादेवभाऊ, वरतं पाह्य गा! पाणी न देता बार आणला तू! मीनं बी नाई देल्लं, माहा बी असाच फुलला. उगाच घाबरून राह्यलो होतो आपण."

बाबा झाडाखाली गेले. त्यांनी एक फांदी खाली ओढली, फुलं बाजूला करत शेंड्यापर्यंत पाहिलं. दुसऱ्या झाडाची पाहिली. तिसऱ्याची पाहिली. मग मायला हाक मारली.

"पालवी नाई," ते म्हणाले. "पाह्य. एक पान फुटलं नाई. नुसतं फूल हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे जाऊन राह्यलं ते. जाता जाता सारं टाकून देते झाड. आता हे फळ धरन, आणि फळ पोसता पोसता दिवाळीपावतर उभं वाळन."

माय मटकन बांधावर बसली. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, कमरेला गुंडाळला, हातातली फांदी तशीच धरली आणि दुसऱ्या हातानं फुलं ओरबाडायला लागले. मूठभर फुलं खाली पडली. मग पुन्हा मूठभर. मला वाटलं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मी रडायलाच लागले. नामदेवकाका धुरा ओलांडून धावत आले आणि त्यांचा हात धरला.

"येडा झाला का गा? सोन्यासारखा बार, आणि तोडून राह्यला?"

"हे वझं उतरवलं तं काही झाडं पान काढतीन. ठेवलं तं एक बी नाई काढत."

"अन् समजा तू चुकून राह्यला तं?"

"चुकलो तं एक बार गेला," बाबा म्हणाले. "मांगं चुकलो तवा झाडं गेली."

त्यांनी हात सोडवून घेतला. माय उठली, तिनं पदर खोचला आणि शेजारच्या झाडाला भिडली. वसंताला खालच्या फांद्या दिल्या. फुलं पायांखाली साचत चालली, घोट्यापर्यंत पाय पांढरे झाले, त्या वासानं डोकं गरगरायला लागलं. मी मात्र हात मागे बांधून उभी होते. माझ्या बहिणींची फुलं मला तोडवेनात.

"बाबा," मी विचारलं, "आता तोडून वाचतीन का सारी?"

"सारी नाई वाचत."

"मंग कायले तोडता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्या साऱ्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"जेवढी वाचतीन तेवढ्यासाठी. पाह्यत नको राहू पोरी, त्या फांदीले हात घाल."

मी हात घातला. नामदेवकाका आमच्याकडे पाहत उभे राहिले, मग आपल्या बगीच्याकडे पाहिलं, आणि धुरा ओलांडून परत गेले. थोड्या वेळानं पलीकडून त्यांचा आवाज आला. ते घरातल्या सगळ्यांना नाव घेऊन घेऊन बाहेर बोलावत होते.